अपरेचे स्थान, गर्भाचे आसन आणि नवव्या महिन्यातील आपले कर्म

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या खेपेची एक गर्भिणी नवव्या महिन्यात अनुवासन बस्ती व योनिपिचू यांसाठी माझ्याकडे आली. पहिली प्रसूती घराजवळच्या दवाखान्यात सुखरूप झालेली. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन सारे समाधानकारक. उदरपरीक्षणात मात्र गर्भ किंचित तिरका वाटला. डोके ओटीपोटात न सापडता उजव्या कुशीकडे लागले. पूर्वी प्रसूत झालेल्या स्त्रीचे पोट सैल असते, कळा सुरू झाल्या की मूल सरळ होईल, असे मनाशी म्हणून मी पुढे गेले. तिच्याजवळ पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. गर्भाची वाढ योग्य आहे एवढे वाचून मी तो परत दिला. पहिल्या दिवशी बस्ती झाला, दुसऱ्या दिवशी पिचू. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पतीचा फोन आला. कळा नाहीत, वेदना नाहीत, परंतु अंथरूण भिजेल इतका लालभडक रक्तस्राव सुरू झाला होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी तातडीने शस्त्रक्रिया झाली, रक्त द्यावे लागले आणि दैव बलवत्तर म्हणून माता व बालक दोघेही वाचले. त्यानंतर मी तो रिपोर्ट पुन्हा मागवून घेतला. त्याच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिले होते की, वार खाली, गर्भाशयमुखाजवळ आहे. ३२ व्या आठवड्यात पुन्हा तपासणी करावी. ती पुनर्तपासणी कोणी केली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. माझ्या पिचूमुळेच रक्तस्राव झाला असे निश्चयाने म्हणता येत नाही, कारण अशा गर्भिणीस तो आपोआपही होतो. परंतु तिरका गर्भ आणि रिपोर्टातील ती ओळ ही दोन्ही चिन्हे एकाच कारणाकडे बोट दाखवीत होती आणि ती माझ्या हाताखाली असूनही मी त्यांची सांगड घातली नाही. अपरेचे स्थान आणि गर्भाचे आसन यांचा संबंध काय, तो कोठे महत्त्वाचा व कोठे नगण्य, आणि नवव्या महिन्यातील आपल्या कर्माशी त्याचा काय संबंध येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संहितांची भूमिका

गर्भाशयातील गर्भाच्या स्थितीचे वर्णन आपल्या आचार्यांनी केलेले आहे. गर्भ मातेच्या पाठीकडे तोंड करून, मस्तक वर ठेवून व अंगे आखडून राहतो आणि प्रसवकाळी त्याचे मस्तक खाली येते, असे चरकाचार्य शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगतात. प्रसवाच्या वेळी मस्तकाने बाहेर येणे हा गर्भाचा स्वभाव असल्याचे सुश्रुताचार्यांनीही म्हटले आहे. मातेच्या पाठीकडे तोंड, म्हणजेच बालकाची पाठ व डोक्याचा मागील भाग मातेच्या पोटाकडे. आधुनिक प्रसूतिशास्त्रातही प्रसवास सर्वांत अनुकूल आसन हेच मानले जाते.

अपरेची उत्पत्ती सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सांगितली आहे. गर्भधारणेनंतर आर्तववह स्रोतसांचे मार्ग अवरुद्ध होतात, खाली जाण्यास अडवलेले आर्तव वर येऊन साचते व त्यापासून अपरा बनते. चरकाचार्य नाभी, नाडी, अपरा आणि मातेचे हृदय अशी गर्भपोषणाची साखळी मांडतात. मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ हे प्रकार आणि सुश्रुतोक्त आठ गती आपण सर्वांनी अभ्यासल्या आहेत. परिघ म्हणजे दाराच्या अडसराप्रमाणे आडवा राहिलेला गर्भ. त्याचे वर्णन आजही आडव्या गर्भाला तंतोतंत लागू पडते. मूढगर्भाच्या मुळाशी अपानाची विगुणता सांगितलेली आहे. अपरेचे स्थान हे त्याचे स्वतंत्र कारण म्हणून तेथे मांडलेले नाही आणि ते ओढूनताणून शोधण्याचेही कारण नाही. पोट न उघडता अपरा पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. आज ते आहे आणि बहुतेक प्रत्येक गर्भिणीच्या पिशवीत त्याचा कागद असतो. तो वाचणे हे दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेचेच विस्तारित रूप मानावे.

रिपोर्टातील शब्दांचा अर्थ

पूर्ण दिवसांची अपरा साधारण अर्धा किलो वजनाची, १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची आणि मध्यभागी दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीची असते. ती गर्भाशयाच्या ज्या भित्तीवर रुजते त्यावरून तिचे स्थान लिहिले जाते. अँटीरियर म्हणजे पोटाकडील पुढची भित्ती, पोस्टीरियर म्हणजे पाठीच्या कण्याकडील मागची भित्ती, लॅटरल म्हणजे उजवी किंवा डावी बाजू आणि फंडल म्हणजे गर्भाशयाचे शीर्ष. ही सर्व प्राकृत स्थाने होत. यांपैकी कोणताही शब्द रोगाचे नाव नाही, हे रुग्णेस प्रथम सांगावे.

लो लाइंग व प्रीव्हिया हे शब्द मात्र वेगळे. अपरेची कडा गर्भाशयाच्या आतील मुखापासून २ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावर असेल तर ती लो लाइंग आणि मुखावरच पसरलेली असेल तर प्रीव्हिया, असे वर्गीकरण आज वापरले जाते. पुढे-मागे हा एक प्रश्न आणि वर-खाली हा दुसरा, हे लक्षात ठेवावे. ‘वार पुढे आहे’ म्हणजे ‘वार खाली आहे’ असा समज केवळ रुग्णांतच नव्हे, तर काही व्यवसायबंधूंतही मला आढळला आहे.

गर्भाबद्दलही तीन शब्द निरनिराळे आहेत. गर्भ उभा, आडवा की तिरका ही त्याची स्थिती. मातेच्या श्रोणीकडे प्रथम काय आले आहे, डोके की नितंब, हा त्याचा उदय. डोक्याचा मागील भाग पुढे, मागे वा बाजूस वळला आहे, हे त्याचे आसन. अपरेचा प्रभाव या तिघांवर सारखा नसतो.

अपरेमुळे गर्भाची जागा का बदलते

गर्भाशय वर रुंद व खाली अरुंद, उलट्या ठेवलेल्या पेरूसारखा असतो. सातव्या महिन्यापर्यंत गर्भोदक भरपूर व गर्भ लहान असल्याने तो मोकळेपणी फिरतो. २८ व्या आठवड्यात चार-पाच गर्भांपैकी एक नितंब खाली ठेवून असतो. पुढे जागा कमी होत जाते. नितंब व दुमडलेले पाय यांचा गठ्ठा डोक्यापेक्षा मोठा असल्याने त्याला वरची रुंद जागा सोयीची पडते आणि डोके खाली येते. म्हणूनच पूर्ण दिवसांच्या वेळी पायाळू राहणारी बालके १०० मध्ये ३ ते ४ एवढीच असतात. आतल्या पोकळीचा आकार ज्याने बदलतो, ते प्रत्येक कारण या नैसर्गिक जुळणीत अडथळा आणू शकते. अपरा हे त्यांपैकी एक होय.

१. खाली असलेली अपरा. हा संबंध सर्वांत स्पष्ट आहे. डोक्याने जेथे स्थिरावयाचे ती जागा अपरेने व्यापलेली असते. परिणामी डोके श्रोणिप्रवेशद्वाराच्या वर तरंगते, एका कुशीला सरकते किंवा गर्भ आडवा-तिरका राहतो. पूर्ण दिवसांच्या सुमारास आडवा गर्भ ३०० प्रसूतींमध्ये एखादा आढळतो; तो आढळल्यास अपरा खाली नाही याची खात्री झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. पहिलटकरणीमध्ये ३७ आठवड्यांनंतरही डोके पूर्णपणे वर तरंगत असेल तर हाच प्रश्न विचारावा. डोके खाली न येण्याची श्रोणीचा आकार, अधिक गर्भोदक अशी इतर कारणेही असतात; परंतु जे कारण प्राणघातक ठरू शकते त्याचा निरास प्रथम करावयाचा असतो.

२. शीर्षाच्या कोपऱ्यातील अपरा. बीजवाहिनी जेथे गर्भाशयाला मिळते त्या शृंगप्रदेशात अपरा रुजली तर वरची रुंद जागा एका बाजूने भरली जाते आणि नितंब वर राहण्याचा फायदा उरत नाही. फियानू व वाक्लाविंकोवा यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पायाळू गर्भांपैकी बहुसंख्यांची अपरा शीर्ष-शृंगप्रदेशी आढळली, तर डोके खाली असलेल्या गर्भांत हे प्रमाण अगदी अल्प होते. अर्थात शृंगस्थ अपरा असूनही अनेक बालके डोक्यानेच येतात. जन्मजात दुभंग किंवा पडदा असलेला गर्भाशय, गाठी, गर्भोदकाची न्यूनता वा आधिक्य, जुळे, अपुरे दिवस, वारंवार प्रसूतींमुळे सैल झालेले पोट, या कारणांचाही विचार करावा लागतो.

३. पुढच्या भित्तीवरील अपरा. रुग्णांकडून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. पुढे जाड गादी असल्याने गर्भाची पाठ मागे, कण्याकडे वळते व डोक्याचा मागील भाग मातेच्या त्रिकास्थीकडे येतो, असे अनुमान मांडले जाते. गार्डबर्ग व तुप्पुराइनेन यांनी १९९४ साली पूर्ण दिवसांच्या सुमारास असा संबंध नोंदवला. परंतु याचे व्यावहारिक मोल ठरवताना दुसरी गोष्टही पाहिली पाहिजे. गार्डबर्ग यांनीच सहकाऱ्यांसह १९९८ साली ४०८ प्रसूतींचे सोनोग्राफीद्वारे निरीक्षण प्रसिद्ध केले. जन्मसमयी मागील आसनात असलेल्या बालकांपैकी सुमारे दोन तृतीयांश बालके प्रसूतीच्या आरंभी अनुकूल आसनातच होती. ती कळा सुरू असताना मागे वळली होती. उलट आरंभी मागे वळलेली बहुतांश डोकी कळांच्या जोराने आपोआप पुढे फिरतात. तेव्हा आठव्या महिन्यातील आसनावरून प्रसूतीचे भाकीत करू नये आणि केवळ ‘अँटीरियर’ या शब्दावरून गर्भिणीला घाबरवू नये.

४. मागच्या किंवा बाजूच्या भित्तीवरील अपरा. वर असेल तर हिच्याकडून गर्भाच्या स्थितीत दखल घेण्याजोगा अडथळा सहसा येत नाही. मात्र मागची अपरा खाली उतरलेली असेल तर ती अधिक फसवी ठरते, कारण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बालकाच्या डोक्याची सावली तिच्यावर पडून कडा नीट दिसत नाही. अशा वेळी योनिमार्गाने केलेली सोनोग्राफी अधिक अचूक असते. वार खाली असताना ही तपासणी कशी चालेल, अशी शंका रुग्णा विचारतात. प्रशिक्षित हातांनी केलेली ही तपासणी सुरक्षित आहे, कारण तिचे साधन गर्भाशयमुखात शिरत नाही.

पुढची अपरा आणि गर्भाच्या हालचाली

पुढच्या भित्तीवर अपरा असल्यास गर्भाच्या लाथा त्या गादीवर बसतात आणि मातेला पहिल्या हालचाली थोड्या उशिरा व मंद जाणवतात. हृदयध्वनी ऐकतानाही अपरेतील रक्तप्रवाहाचा आवाज मध्ये येतो. अशा वेळी बाजूस सरकून ऐकावे. पाचव्या-सहाव्या महिन्यात हे स्पष्टीकरण योग्य आहे. परंतु २८ आठवड्यांनंतर गर्भिणीने ‘कालपासून बाळ कमी हलते आहे’ असे सांगितले, तर ‘तुमची वार पुढे आहे म्हणून’ हे उत्तर देऊ नये. तिची वार गेल्या आठवड्यातही पुढेच होती आणि तेव्हा तिला हालचाल कळत होती. बदल झाला आहे तो हालचालीत. त्याच दिवशी गर्भहृदयाच्या तपासणीसाठी तिला रुग्णालयात पाठवावे. येथे दिलेला खोटा दिलासा बालकाच्या प्राणाशी संबंधित असतो.

वार ‘वर सरकते’ म्हणजे काय

पाचव्या महिन्यात खाली दिसलेली अपरा पुढे वर गेल्याचे आपण अनेकदा पाहतो. प्रत्यक्षात अपरा मुळे सोडून चालत जात नाही. शेवटच्या तिमाहीत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांब होतो आणि त्यामुळे अपरेची कडा व मुख यांतील अंतर वाढते. शिवाय जेथे रक्तपुरवठा चांगला तेथे अपरा वाढते व जेथे तो क्षीण तेथे झिजते. म्हणून २० व्या आठवड्यात खाली असलेल्या दर दहा अपरांपैकी सुमारे नऊ प्रसूतीपर्यंत सुरक्षित अंतरावर गेलेल्या असतात. हीच गोष्ट दिलासा देणारी आणि हीच धोक्याची. नऊ जणींचा अनुभव ऐकून दहावी तपासणीला जात नाही. २० व्या आठवड्यात अपरा खाली असेल तर ३२ व्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी आणि तेव्हाही खाली असल्यास ३६ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, हा क्रम आज सर्वमान्य आहे. पुनर्तपासणीचा कागद हाती येईपर्यंत ती गर्भिणी अपरा खाली असलेलीच समजावी.

पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीत अपरा पुढे व खाली असेल तर प्रकरण अधिक गंभीर होते. जुन्या व्रणात अपरेची मुळे खोलवर शिरतात आणि प्रसूतीनंतर वार सुटत नाही. अमेरिकेतील सिल्व्हर व सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या मोठ्या अभ्यासात प्रीव्हिया असलेल्या स्त्रियांत असा धोका पूर्वीचे एक सिझेरियन असल्यास १०० मध्ये ११, तर दोन असल्यास १०० मध्ये ४० एवढा आढळला. अशा गर्भिणीची प्रसूती जेथे रक्तपेढी, अनुभवी शल्यविशारद व भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत अशाच ठिकाणी ठरवावी लागते. ‘अँटीरियर, लो लाइंग’ आणि पोटावर व्रण, या त्रयीकडे कोणीही दुर्लक्ष करू नये.

नवव्या महिन्यातील कर्म केव्हा करावे, केव्हा टाळावे

चरकाचार्यांनी नवव्या महिन्यात मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व त्याच तैलाचा योनिपिचू सांगितला. मार्गाचे स्नेहन आणि अपानाचे अनुलोमन हा त्याचा हेतू. सुश्रुताचार्यांनी आठव्या महिन्यात आस्थापन व त्यानंतर अनुवासन सांगितले आहे. हे कर्म आपल्या परंपरेचे वैभव आहे आणि योग्य रुग्णेत त्याचा लाभ मी नित्य पाहते. परंतु ते प्राकृत गर्भिणीसाठी सांगितले आहे. ज्या मार्गाचे स्नेहन करावयाचे त्या मार्गावरच अपरा असेल तर पिचूचा हेतूच उरत नाही आणि अपाय मात्र संभवतो. खालचा भाग ताणला जात असताना अपरेची कडा आधीच सुटण्याच्या बेतात असते. तेथे कोणताही स्पर्श, कुंथणे किंवा गर्भाशयाचे आकुंचन निमित्त ठरू शकते.

या दृष्टीने माझ्या चिकित्सालयात पाळले जाणारे नियम पुढे देत आहे. व्यवसायबंधूंनी आपल्या परिस्थितीनुसार त्यांत भर घालावी.

१. २८ आठवड्यांनंतरचा, अपरेचे स्थान स्पष्ट लिहिलेला रिपोर्ट पाहिल्याखेरीज पिचू व बस्ती करू नये. केसपेपरवर अपरेचे स्थान व गर्भाचा उदय यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

२. प्रत्येक भेटीत उदरपरीक्षण करून डोके कोठे आहे ते स्वतःच्या हाताने पाहावे. रिपोर्ट आणि हात यांत विसंगती आढळल्यास कर्म थांबवावे व पुनर्तपासणीस पाठवावे.

३. लो लाइंग किंवा प्रीव्हिया असल्यास योनिपिचू, योनिधावन, बस्ती व विरेचन पूर्णतः वर्ज्य. मैथुनही टाळण्यास पती-पत्नी दोघांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

४. गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तस्राव झाला तर, अपरा खाली नाही हे सिद्ध होईपर्यंत, योनिमार्गात बोट घालून परीक्षण करू नये. वेदनारहित लालभडक स्राव अपरा खाली असल्याचे सुचवितो. पोट कडक, वेदना तीव्र व रक्त काळसर असल्यास अपरा वेळेपूर्वी सुटल्याची शंका घ्यावी. दोन्ही प्रसंगी शिरेतून द्रव सुरू करण्याची सोय असल्यास ती करून तत्काळ रुग्णालय गाठावे. पहिला स्राव बहुधा आपोआप थांबतो. तो थांबला म्हणून घरी ठेवू नये. पुढचा त्याहून मोठा असू शकतो. रुग्णा आरएच निगेटिव्ह असल्यास तसे संदर्भपत्रात ठळक लिहावे.

५. गर्भ आडवा वा तिरका असल्यास पोट चोळून तो फिरवू नये, सुईणीकडून फिरवून घेऊ देऊ नये. बाहेरून गर्भ फिरवण्याची क्रिया प्रसूतितज्ज्ञ पायाळू गर्भासाठी ३६ ते ३७ आठवड्यांनंतर, सोनोग्राफी व तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून करतात. तिला सुमारे निम्म्या प्रसंगी यश येते. अपरा मागे असेल तर ती तुलनेने सुलभ होते, पुढे असेल तर अवघड. प्रीव्हियामध्ये ती निषिद्धच आहे.

६. ३७ आठवड्यांनंतरही गर्भ आडवा असल्यास, अपरा वर असली तरी, रुग्णालयात दाखल होण्याविषयी प्रसूतितज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गर्भोदक फुटताच नाळ खाली घसरण्याचा धोका असतो.

आसनांविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. मार्जारासनासारख्या, हात व गुडघे टेकून केलेल्या स्थितीने गर्भाचे डोके अनुकूल आसनात येते, असा प्रचार बराच आहे. ऑस्ट्रेलियात अडीच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शेवटच्या आठवड्यांतील अशा अभ्यासाने जन्मसमयीच्या आसनात फरक पडल्याचे दिसले नाही. पाठीला आराम मिळतो म्हणून प्राकृत गर्भिणीस ते अवश्य शिकवावे. मूल फिरेल अशी हमी देऊ नये. अपरा खाली असल्यास मात्र कोणत्याही व्यायामाचा निर्णय प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीनेच घ्यावा.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

अनेक कुटुंबे वैद्याकडे जाण्यापूर्वी आपल्या दुकानात येतात. ‘दिवस भरले, कळा येत नाहीत, एरंडेल द्या’ असे कोणी म्हटले तर ते कोणासाठी हवे आहे, हे विचारावे आणि गर्भिणीसाठी असल्यास चिठ्ठीशिवाय देऊ नये. अपरा खाली असताना किंवा गर्भ आडवा असताना एरंडस्नेहाने आतड्यांबरोबर गर्भाशयही चेतवला गेला तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. ‘सुनेच्या अंगावर लाल जाते, बोलबद्ध रस द्या’ ही मागणी त्याहून गंभीर होय. गर्भिणीच्या रक्तस्रावावर दुकानातून देण्यासारखे औषध नाही. तेथे रिक्षा किंवा रुग्णवाहिका बोलावून देणे हीच औषधयोजना. पिचूसाठी बला तैल मागणाऱ्या गर्भिणीस ‘वैद्यांनी नवा रिपोर्ट पाहिला आहे ना?’ एवढा एक प्रश्न विचारलात तरी मोठे काम होईल.

आणखी एक बाब. अपरा उजवीकडे की डावीकडे यावरून मुलगा-मुलगी सांगण्याचा प्रकार कानावर येतो. अपरेच्या बाजूवरून गर्भाचे लिंग कळत नाही. आणि कळते असे भासवून सांगणे हाही १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा भंगच ठरतो. असा प्रश्न आल्यास तेथेच थांबवावा.

समारोप

सारांश, अपरा पुढे, मागे वा बाजूस असणे ही सामान्य गोष्ट असून गर्भाच्या आसनावर तिचा झालाच तर अल्प प्रभाव होतो. शृंगप्रदेशी अपरा पायाळूपणाचे एक संभाव्य कारण होय. खाली असलेली अपरा मात्र गर्भाची स्थिती खरोखर बदलते आणि मातेचा प्राणही संकटात टाकते. गर्भ आडवा, तिरका किंवा वर तरंगणारा आढळला की त्याचे कारण विचारावे, आणि पहिली चौकशी अपरेची करावी.

प्रारंभी सांगितलेली ती रुग्णा पुढे आपल्या मुलाला बालदम्यासाठी माझ्याकडे घेऊन येत असे. तिने मला कधी दोष दिला नाही. बस्ती-पिचूचा व त्या पहाटेचा संबंध तिच्या मनातही आला नसावा. मी तो तिला नंतर स्वतःहून सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ताई, आता दुसऱ्या बायांचा कागद नीट बघा म्हणजे झालं.’ त्या दिवसापासून माझ्या चिकित्सालयात गर्भिणीची नाडी पाहण्यापूर्वी तिच्या पिशवीतील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जातो. आपल्याही चिकित्सालयात ही सवय असेलच; नसल्यास ती आजपासून लावून घ्यावी, अशी नम्र विनंती आहे.